रोज कोण ठरवतं?

नारायणगावात टोमॅटोला आज काय भाव लागला, हे विचारायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. जुन्नर बाजार समितीच्या उपबाजारात २० किलोच्या क्रेटला मिळालेला भाव दुपारपर्यंत शेतकऱ्यांच्या फोनवर फिरतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. त्याच गावात हमरस्त्याच्या कडेला उजाडताना आणखी एक बाजार भरतो. तिथं विकायला माल नसतो. हातात जेवणाचा डबा, पिशवीत खुरपं किंवा विळा घेऊन बाया-माणसं उभी असतात. लोक त्याला मजुरांचा अड्डा म्हणतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरलाही असाच अड्डा आहे.

पिकअप येऊन थांबते. शेतकरी काचेतून डोकं बाहेर काढतो.

"मावशी, कांदा लागणीला किती जणी?"

"आठ जणी हायेत. रोज काय देणार शेठ?"

"कालचाच."

"काल इथंच जवळ होतं. आज कुठं, खोडदला का पार बेल्ह्याला?"

चार-सहा वाक्यांत व्यवहार होतो आणि गाडी निघते. अशा अनेक गाड्या निघतात. तिथं फळा नसतो, लिलाव पुकारणारा नसतो, संघटना नसते, कागद तर नसतोच. तरी त्या दिवशी त्या अड्ड्यावर एकाच कामाचा रोज जवळपास सगळ्यांना सारखाच पडतो. आठवड्याभराने तो थोडा वर गेलेला असतो, महिन्याने पुन्हा खाली आलेला असतो. मग तो ठरवतं कोण?

हे समजून घ्यायचं तर अड्ड्यावर उभं राहून भागत नाही. आधी तिथं उभी असलेली माणसं कुठून आली ते पाहावं लागतं.

पाऊस वर, पाणी खाली

पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले आहेत. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालं की दर काही मैलांना पाऊस कमी होत जातो आणि बेल्हे, लोणी या बाजूला पोचेपर्यंत तो जेमतेम उरतो. वरच्या पट्ट्यात मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. खालच्या पट्ट्यात ऊस, द्राक्ष, कांदा, टोमॅटो, भाजीपाला.

पाऊस जिथं जास्त, तिथली माणसं पाऊस कमी असलेल्या गावात काम मागायला जातात. हे उलटं कसं झालं?

याचं उत्तर धरणांत आहे. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. वर पडलेला पाऊस त्यांत साठतो आणि कालव्यांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाला, पुढं शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. डोंगरउतारावर मात्र पाणी थांबत नाही आणि कालवा चढ चढत नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणात तर तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावच बुडालं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.

म्हणून वरच्या घराला भाताचं एक पीक मिळतं, उतारावर नाचणी-वरई होते, उन्हाळ्यात बाळहिरडा विकून थोडे रोख पैसे हाती येतात. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा या घरांचा तो रोख आधारही गेला होता. खालच्या शेतकऱ्याला पाण्यामुळे वर्षात दोन-तीन पिकं घेता येतात, आणि प्रत्येक पिकाला माणसं लागतात. पाणी ज्या वाटेनं खाली गेलं, त्याच वाटेनं माणूसही जातो. त्यानं आळशीपणानं आपलं शेत सोडलेलं नसतं आणि शहराच्या ओढीनंही नाही. त्याच्या मजुरीची मागणी धरणाच्या पाण्यानं दुसरीकडं निर्माण केली आहे.

शिळी होणारी वस्तू

आता पुन्हा अड्ड्यावर येऊ. मजुरी ही वस्तू बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखी आहे: सकाळी तिला भाव असतो, ऊन चढलं की उतरू लागतो, संध्याकाळी कुणी विचारत नाही. त्यातही जुडी निदान घरी नेऊन शिजवता येते. आजचा न विकला गेलेला दिवस उद्या विकता येत नाही.

हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. म्हणून पहिल्या तासाभरात मजूर भाव सांगतो आणि नंतरच्या तासात शेतकरी. एसटीचं भाडं घालून आलेल्या बाईला रिकाम्या हातानं परतणं म्हणजे दिवसही गेला आणि भाडंही. नऊ वाजत आले की ती सकाळी नाकारलेल्या रोजावर गाडीत चढते. म्हणूनच अड्ड्यावर लवकर पोचण्याची धडपड असते आणि लांबच्या गावांतली बरीच माणसं हंगामात परत न जाता खालीच पाल ठोकून, कुणाच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर मुक्काम करतात. मुक्काम केला की भाड्याची घासाघीस संपते, पण पाणी, शौचालय, लेकरांची शाळा हे सगळे प्रश्न सुरू होतात. मजुराचा रोज मोजताना हा खर्च कुणी धरत नाही.

रोज सगळ्यांना सारखा कसा पडतो, याचं उत्तरही इथंच आहे. माणसं घोळक्यानं उभी असतात. एका गाडीवाल्यानं काय दिलं हे दुसऱ्याला ऐकू जातं. कालच्या कामावरून आलेली बाई आज शेजारणीला सांगते. शेतकरीही रात्री एकमेकांना फोन करून विचारतात, "तुम्ही काय दिलं?" कालचा रोज हा आजच्या बोलीचा पाया असतो आणि सगळी ओढाताण त्याच्या थोडं वर किंवा खाली चालते.

पाया हलतो कधी?

टोमॅटो महागला की मजुरी वाढते, असं पुष्कळांना वाटतं. तसं फारसं होत नाही. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोचं क्रेट २,००० रुपयांच्या वर गेलं होतं. काही शेतकऱ्यांच्या हाती त्या हंगामात आयुष्यात पाहिला नव्हता एवढा पैसा आला. त्या महिन्यात तोडणीचा रोज काही त्या पटीत वाढला नाही. कारण मजुरी पिकाच्या भावावर ठरत नाही. त्या सकाळी किती हात मोकळे आहेत आणि किती एकरांचं काम अडलं आहे, यावर ती ठरते.

उलट बाजू मात्र मजुराला पुरी भोगावी लागते. भाव कोसळला की तोडणीचा खर्चही सुटत नाही, म्हणून शेतकरी माल झाडावर सोडून देतो. तेव्हा रोज कमी होत नाही, कामच नाहीसं होतं. तेजीत वाटा नाही आणि मंदीत पहिला फटका, ही या व्यवहाराची मला सर्वांत अन्यायाची वाटणारी बाजू आहे.

हातांची टंचाई कधी होते? दोनपैकी एखादी गोष्ट घडली की. पहिली म्हणजे कालव्याचं आवर्तन. पाणी सुटतं ते एका पट्ट्यातल्या सगळ्यांना एकाच सुमारास, त्यामुळे कांदा लागणही सगळ्यांची एकाच आठवड्यात येते. वाफ्यात पाणी आहे, रोप उपटून ठेवलं आहे आणि बायका मिळत नाहीत, अशा वेळी शेतकरी भाव करत बसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या गावांची स्वतःची कामं. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चार दिवस पुढं ढकलली तर पीक हातचं जातं. त्या दिवसांत वरची माणसं अड्ड्यावर येतच नाहीत.

चौकट: वरचं वर्ष, खालचं वर्ष

जून-जुलै: वर भाताची आवणी. खाली टोमॅटोची तोडणी जोरात, सातगाव पठारावर बटाट्याची लागवड. अड्डा विरळ, रोज चढा.

ऑगस्ट-सप्टेंबर: वर आवणी उरकून हात थोडे मोकळे. खाली टोमॅटो चालूच, पठारावर बटाटा काढणीला येऊ लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: वर भाताची कापणी-झोडणी. खाली द्राक्षाची छाटणी, कांद्याची रोपं. पुन्हा टंचाई.

डिसेंबर-फेब्रुवारी: वर काम जवळपास नाही. खाली कांदा लागण, द्राक्ष काढणी, ऊसतोड. अड्डा भरलेला.

मार्च-मे: वर राब भाजणी आणि हिरडा. खाली कांद्याची काढणी-काटणी, उन्हाळी टोमॅटोची बांधणी. गावोगावच्या यात्रा.

ऊसतोडीचा प्रवाह वेगळा आहे. तिथं मजूर मुख्यतः बीड, अहिल्यानगरकडून मुकादमामार्फत येतो आणि हंगामभर राहतो. अड्ड्याशी त्याचा संबंध थोडाच.

रोज, उक्तं आणि उचल

काम दोन प्रकारे दिलं जातं. रोजावर म्हणजे दिवसाच्या हिशेबानं, आणि उक्तं म्हणजे कामाच्या हिशेबानं: एकरामागे लागण, क्रेटमागे तोडणी, पिशवीमागे काटणी. शेतकरी कुठलं केव्हा निवडतो, यामागे साधं कारण असतं. जे काम घाईत बिघडतं ते रोजावर. द्राक्षाच्या घडाची विरळणी उक्त्यानं दिली तर कात्री घाईनं चालेल आणि मणी दुखावेल. जे काम मोजता येतं आणि लवकर उरकायचं असतं ते उक्त्यावर. कांदा लागण त्यामुळे पुष्कळदा उक्ती असते. दहा-बारा जणींची टोळी सकाळी लवकर वाकते आणि अंधार पडायच्या आत एकराचं गणित पुरं करते. हातात पैसे जास्त पडतात, पण ते कमरेतून काढलेले असतात.

बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असतो, हे इथं इतकं सरावाचं झालं आहे की कुणी वादही घालत नाही. 'पुरुषाचं काम जड' असं कारण देतात. फवारणीचा पंप जड असतो हे खरं. पण दिवसभर ओणवं राहून रोप लावणं हलकं आहे, हे ते काम एकदा तरी केलेला माणूस म्हणणार नाही. मुळात कामं वाटलेली आहेत: लागण, खुरपणी, काटणी बाईची, फवारणी, बांधणीच्या काठ्या-तारा, क्रेटची चढ-उतार पुरुषाची. एकाच कामाला वेगळा रोज दिला तर ते उघड दिसतं. कामच वेगळं ठेवलं की तुलना होत नाही. समान वेतनाचा नियम १९७६ च्या कायद्यानं आला आणि आता तो वेतन संहितेत आहे. त्याला वळसा घालायला ही वाटणी पुरेशी ठरते.

तिसरा प्रकार उचलीचा. आवणीच्या आधी घरात बी-खताला पैसा नसतो, कुणी आजारी पडतं, लग्न निघतं. अशा वेळी ओळखीचा शेतकरी किंवा टोळीचा मुकादम आगाऊ रक्कम देतो. ती पुढच्या हंगामात कामातून फेडायची. मजुराला अडचणीत बिनातारणाचा पैसा मिळतो, देणाऱ्याला टंचाईच्या दिवसांत हमखास माणसं मिळतात. गोम एवढीच की उचल घेतलेला माणूस जुलैत चढलेला रोज मागू शकत नाही. त्याचा भाव उन्हाळ्यातच ठरून गेलेला असतो. अड्ड्यावर गर्दी दिसली तरी तिच्यातले कितीजण खरोखर मोकळे आहेत, हे बाहेरून कळत नाही.

शेतकऱ्याची बाजू इथं सांगायला हवी. अड्ड्यावर गाडी घेऊन येणारे बहुतेक जण दोन-चार एकरांचे धनी असतात. त्यांच्या खर्चात खत, औषध, वीज यांचे दर दुसऱ्यानं ठरवलेले आणि मालाचा भाव व्यापाऱ्यानं. घासाघीस करता येईल अशी एकच जागा त्यांना उरते, ती मजुरीची. मला ते समर्थन वाटत नाही, पण कारण म्हणून ते खरं आहे.

आणि बिबट्याचाही उल्लेख हवा. उसात वाढलेले बिबटे हा जुन्नर वनविभागाचा रोजचा प्रश्न आहे. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. पहाटे आणि दिवेलागणीला शेतात वाकलेल्या माणसाला धोका जास्त, आणि मजुराच्या कामाला निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळा नेमक्या त्याच. हा धोका कुठल्याच रोजात मोजलेला नाही.

कायदा कुठं थांबतो

अशा कामाला अभ्यासक 'असंघटित' किंवा 'अनौपचारिक' म्हणतात. म्हणजे नेमणुकीचा कागद नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, कामावरून काढलं तर दाद नाही. कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञानं घानातल्या आक्रा शहरातल्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा विचार मांडला. आपल्याकडं अर्जुन सेनगुप्ता आयोगानं देशातले ९० टक्क्यांहून जास्त कामगार असेच असल्याचं दाखवून दिलं. तेव्हा नारायणगावचा अड्डा हा अपवाद नव्हे, देशातली कामाची सर्वसाधारण पद्धत तीच आहे.

कायदे नाहीत असं नाही. किमान वेतन कायदा १९४८ मध्ये झाला, शेतमजुरी त्यात होती, आणि नोव्हेंबर २०२५ पासून किमान वेतनाचा हक्क वेतन संहितेत आहे. पण तो लागू करायला कुणी तरी तक्रार करावी लागते, आणि तक्रार करायला मालक कोण हे सांगावं लागतं. आज खोडदला, उद्या बेल्ह्याला, परवा कामच नाही, अशा माणसाचा मालक कोण? स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला, तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून जुन्नरला आलेला मजूर जिल्हा ओलांडतो, राज्य नव्हे. त्यामुळे तो त्या कायद्याला कधी दिसलाच नाही.

क्रेट उचलणारा आणि टोमॅटो तोडणारी

कागद नसलेल्या, रोज मालक बदलणाऱ्या कामाला नियम लावताच येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी बाजार समितीच्या आवारात डोकवावं. तिथं हमाल आणि तोलणार यांना परवाने असतात, हमाली-तोलाईचे दर ठरलेले असतात.

हे आपोआप झालं नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना उभं केलं, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. हमालाचाही मालक रोज बदलतो. म्हणून कायद्यानं मालक शोधण्याचा नादच सोडला आणि मध्ये एक मंडळ बसवलं. त्यात सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी. ज्या व्यापाऱ्यानं काम करून घेतलं, त्यानं मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडं भरायची. मंडळ हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार भागवतं. मालक शंभर असले तरी खातं एकच राहतं.

टोमॅटोचं क्रेट उचलणाऱ्याला असं काही मिळू शकतं. तोच टोमॅटो तोडणाऱ्या बाईला मिळत नाही. दोघांच्या कामात अंतर काही किलोमीटरचं आणि काही तासांचं. मला विचाराल तर लेव्ही गोळा करायची जागाही तयार आहे. शेतमालाची पट्टी होते तिथं, बाजार समितीतच, मालाच्या उलाढालीवर अगदी थोडा आकार बसवून तोडणाऱ्यांच्या खात्यात वळवता येईल. लहान शेतकऱ्याला वेगळी नोंदणी नको, हिशेब नको. निदान अड्ड्यावर शेड, पाणी, शौचालय आणि अपघात विमा एवढं तरी त्यातून निघेल.

नारायणगावात तर कागदावरच्या कराराची परंपराही आहे. तमाशाची पंढरी म्हणून गाव ओळखलं जातं. यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात, विसार देतात. एका रात्रीच्या खेळाला आगाऊ रक्कम आणि ठरलेली तारीख मिळते. शेतमजुराच्या अख्ख्या हंगामाला ती मिळत नाही.

नाही म्हणण्याची ताकद

रोज ठरण्यात शेवटची आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे मजुराला 'नाही' म्हणता येतं का. घरात चार महिन्यांचा तांदूळ असेल तर म्हणता येतं. गावातच काम मिळत असेल तर म्हणता येतं.

पहिल्या आधाराचं उदाहरण आंबेगावच्या डोंगरातच आहे. उतारावर दगडी ताली रचून भातखाचरं करायची, आणि ती एकमेकांच्या शेतावर आळीपाळीनं जाऊन करायची, याला तिथं पडकई म्हणतात. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेनं भीमाशंकर परिसरात या पद्धतीला बळ दिलं, पडकईची कामं रोजगार हमीत बसावीत म्हणून धडपड केली. २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. नव्या खाचरातला तांदूळ ज्या घरात येतो, त्या घरातली बाई नऊ वाजता पडलेल्या रोजाला गाडीत चढत नाही.

दुसरा आधार रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना महाराष्ट्रात १९७७ च्या कायद्यानं हक्क झाली आणि २००५ मध्ये देशानं तो हक्क घेतला: वर्षाला १०० दिवस, मागितल्यापासून १५ दिवसांत काम. महाराष्ट्रात तिचा दर २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होता, पुढच्या वर्षी ३१२ झाला. अड्ड्यावर हंगामात याहून जास्त मिळतं, तरी या आकड्याचा उपयोग असतो. घराजवळ, भाड्याशिवाय एवढं मिळणार असेल तर खाली जायला माणूस त्याहून बराच जास्त मागतो. पण हा उपयोग काम वेळेवर निघालं तरच. पैसे बँकेत उशिरा येतात आणि अड्ड्यावर संध्याकाळी हातात पडतात. किराणा संध्याकाळी लागतो, म्हणून माणूस अड्डा निवडतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ झाले. पेरणी-कापणीच्या भरात शेतीला मजूर कमी पडू नयेत म्हणून वर्षात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. या दोन तालुक्यांत प्रश्न असा येतो की हे दिवस कोणत्या पिकाचे धरायचे. आवणीचे धरले तर वरच्या माणसाचं अडत नाही, तो तेव्हा स्वतःच्याच खाचरात असतो. डिसेंबर-जानेवारीतल्या कांदा लागणीचे धरले, तर वर गावात शेतीचं काम नाही, हमीचंही नाही, आणि खाली अड्ड्यावर नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त गर्दी. शेतकऱ्याला त्या आठवड्यांत माणसं स्वस्त मिळतील आणि आधीच भरलेल्या अड्ड्यावर रोज आणखी पडेल. दोन्ही तालुक्यांतली पश्चिमेकडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसा कायद्यानं ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. तारखा ठरवण्याआधी या ग्रामसभांना विचारलं पाहिजे, आणि तेही दिवाळीच्या आधी, माणसं खाली उतरण्यापूर्वी.